आबासाहेबांच्या गाडीचा दम

"दगडू मिस्त्रीनंच आबासाहेबांच्या गाडीत काहीतरी घोळ..." एवढंच वत्सलाकाकूंच्या कानावर पडलं आणि बोलणारा पुढे निघून गेला. काकूंना चैन पडेना. मिस्त्री तसा सरळ माणूस, पण कुणाचं काय सांगावं! लसूण सोलायचा टाकून त्या शेजारच्या, मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन उभ्या राहिल्या.

माजी सभापती आबासाहेब तिथं गरजत होते. "अक्कलकोटला निघालो, तर तासाभरात मोटारसायकलीचा दम गेला! टाकी उघडून पेट्रोल बघितलं की चालते, तासाभरानं पुन्हा मरते. इंजिनातलं नवं सामान काढून जुनं घातलंस ना? कबूल कर, नाहीतर उद्यापासून गॅरेजला टाळं!"

मिस्त्रीनं पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली पुढे केली. "आबासाहेब, ही एकदा तोंडाला लावली की न काढता संपवून दाखवा, मग कबूल करतो."

आबासाहेबांनी ऐटीत बाटली तोंडाला लावली. दोन घोटांत ती चेपली. पाणी येईना, डोळे मात्र बाहेर आले.

"अरे, आत हवा गेल्याशिवाय पाणी येणार कसं?" ते खेकसले.

"मग पेट्रोल तरी कसं येणार, साहेब?" मिस्त्रीनं टाकीच्या झाकणावरचं हवेचं बारीक भोक दाखवलं. वाळलेल्या हळदीकुंकवानं ते पार बुजलं होतं.

काकूंचा संशय अजून फिटला नव्हता. "पण हे एवढं थापलं कुणी?"

"मीच, काकू," मिस्त्री ओशाळून म्हणाला. "खंडेनवमीच्या पूजेला. आबासाहेबच म्हणाले होते, माझ्या गाडीला सगळ्यांपेक्षा जाड लाव."