तोफवाल्यांना जेवायची हाक

ऐका बायांनो, आणि पोरांनो, तुम्हीही ऐका. फार वर्षांपूर्वी आपल्या निवळीत संतू हवालदार नावाचा तोफवाला राहायचा. त्याच्या तोफेवर सात जण होते. सातांची चूल एक, आणि बोलणं सगळं ओरडून, कारण तोफेच्या आवाजानं सातही जणांचे कान मंद झालेले. परमुलखात एकदा उपाशीपोटी संतूनं शब्द दिला, "लढाई संपली की माझ्या गावी या. पोट फुटेस्तोवर पुरणपोळी खाऊ घालीन."

लढाई संपली. परतले तिघेच, संतू, शिरगावचा मारत्या आणि दादू लोहार. नाथा, धोंडू, बाळा आणि इसाक तोफेपाशीच राहिले.

संतूनं व्रत धरलं. ते चौघे जेवल्याशिवाय पुरणपोळी तोंडाला लावायची नाही. दर माघी पौर्णिमेला हे तिघे सोबती वाघजाईच्या माळावर चार पानं मांडत, हात जोडून हळू आवाजात नावं घेत. दुपार कलायची, पण कावळा काही पानाला शिवायचा नाही. तीन वर्षं असंच झालं. संतू खंगत चालला. बायकोला म्हणायचा, "लढाई संपल्याचं त्यांना कळलंच नाही गं. अजून तिथंच उभे असतील, उपाशी."

चौथ्या वर्षी त्याची बायको गोदा तुपाच्या वाट्या घेऊन माळावर आली. तिनं ते पुटपुटणं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्हाला जेवायला बोलवायचं तर मला तीनदा बोंबलावं लागतं. ते चौघे तुमच्यातलेच ना? त्यांना हे कसं ऐकू जायचं?"



"हवालदार," मारत्या म्हणाला, "वहिनींनाच तोफेवर घ्यायला हवं होतं."

मग संतूनं छाती भरून हाक दिली, "नाथा! धोंडू! बाळा! इसाक! लढाई संपली! जेवायला या!"

असं म्हणतात, नदीपलीकडच्या गाई चरायच्या थांबल्या आणि झाडांवरच्या चिंचा टपाटपा गळल्या. असं म्हणतात, ती हाक सात समुद्र ओलांडून गेली. आणि आभाळातून चार कावळे आले, पलटणीसारखे एका ओळीत. त्यातले तीन आपापल्या पानावर बसून पोळी खाऊ लागले. चौथ्यानं पोळी सोडून आधी तुपाची वाटी ओढली.

"इसाक!" दादू ओरडला. "अजून तुपाचा सोस सुटला नाही लेकाचा!"

तिघे हसता हसता रडले. त्या दिवशी संतूनं इतक्या पोळ्या खाल्ल्या की गोदाला दोनदा कणीक मळावी लागली.

आजही माघी पौर्णिमेला निवळीत कुणी हळू बोलत नाही. नव्या सुनासुद्धा पदर खोचून माळावर जातात आणि चौघांची नावं घेऊन ओरडतात, "लढाई संपली! जेवायला या!" तूप आधी इसाकच्या पानावर पडतं. कावळा शिवला की मगच गाव जेवतं. त्या चौघांची पानं जशी भरली, तशी माझ्या वाघजाईच्या कृपेनं तुमची आमची, लांब गेलेल्या सगळ्यांची पानं भरलेली राहोत.