राहीमावशीची कोरडी वाटी

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा बोरवंडला बैलगाडीचीही वाट नव्हती आणि गावातलं प्रत्येक मूल आधी राहीमावशीच्या हातात यायचं, मग आईच्या. राहीमावशी गावची सुईण. आडवं आलेलं मूल तिचा नुसता आवाज ऐकून सरळ व्हायचं, असं म्हणतात.

पण तिचा एक नेम होता. बाळंतिणीचं पहिल्या तीन दिवसांचं पिवळसर दूध ती वाटीत पिळून घ्यायची आणि गावाबाहेरच्या उंबराच्या बुडाशी ओतून यायची. ते दूध बाळाला बाधतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. आई लवकर गेली. मागे उरली ती ही शिकवण आणि ती पितळी वाटी. त्यामुळे या बाबतीत मावशी कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

तुळसाची दोन बाळं बारशाआधीच गेली होती. तिसऱ्या खेपेला ती सुखरूप बाळंत झाली, आणि त्याच सकाळी दारची म्हैसही व्याली. घरच्यांना लगेच खरवसाचे वेध लागले. मावशी आतूनच ओरडली, "आधी रेडकाला चीक पाजा! त्याबिगर त्ये उभं ऱ्हायचं न्हाई." आणि वाटी घेऊन तुळसाकडे वळली.

तुळसानं बाळ छातीशी आवळलं. "मावशे, रेडकाला चीक पाजायचा, आन् माझ्या लेकराचा मातर भुईला ओतायचा? असं कसं गं?"

"म्हशीचं येगळं!" मावशी कडाडली आणि तणतणत अंगणात गेली. तिथं रेडकू चुटूचुटू पीत होतं. जरा वेळानं ते उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. मावशी बघत राहिली. तिला तुळसाची ती दोन बाळं आठवली, मग आई आठवली, आणि भर अंगणात ती ओक्साबोक्शी रडली. आईचा शब्द टाकायचा म्हणजे आई दुसऱ्यांदा गेल्यासारखंच होतं. डोळे पुसून ती आत गेली आणि "पाज," एवढंच म्हणाली.

ते पोर पाचवीला असं रडलं, की नदीपलीकडच्या गावाला ऐकू गेलं, असं म्हणतात.

मग मावशी घरोघर गेली. प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगायची, "माजं चुकलं. माज्या आयला कुनी इचारलं न्हाई, मला तुळसानं इचारलं." कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. लावलेल्या दारापुढे ती दार उघडेपर्यंत बसून राहायची. शेवटचं दार उघडलं त्या दिवशी कुऱ्हाडीचा घाव नसताना उंबरातून दूध पाझरलं, असं म्हणतात. उंबराला चीक असतोच, असं म्हणणारे शहाणे तेव्हाही होते.

मावशी गेली, तो उंबरही वठला. त्याच्या जागी आता दुसरा आहे. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तरी बाळ घरी आलं, की घरातली सगळ्यात म्हातारी बाई उंबराखाली जाते, एक वाटी उपडी ठेवते आणि म्हणते, "मावशे, आज बी वाटी कोरडीच आनली गं."