राखेपलीकडचा दसरू

ही गोष्ट सोळा आणे खरी आहे. खोटी निघाली तर माझ्या जिभेला मोहफूल कडू लागो. सगळं मी स्वतः पाहिलंय. म्हणजे पाहिलं माझ्या पणजीनं, आणि तीही त्या दिवशी माहेरी गेली होती. पण गोष्ट खरी आहे.

फार मागं, चांदीटोल्याला रस्ता नव्हता आणि वाघाला माणसाची भीड नव्हती, त्या काळी गावात दसरू मागी राहायचा. मागी म्हणजे जनावरांचा माग काढणारा. शिकार मात्र तो करत नसे. चितळं कुठं चरली, सांबर कुठं बसलं, ते नुसतं बघून यायचा. चितळं निवांत चरतात तिथं वाघ नसतो. म्हणून दसरू बोट दाखवेल त्याच बाजूला बाया मोहफुलं वेचायला जायच्या. नुसता खूर बघून तो मादी गाभण आहे का ते सांगायचा, असं म्हणतात. होणाऱ्या पाडसाचा स्वभावही सांगायचा, असंही म्हणतात.

माग्यांचा एक नेम होता. मागाच्या कडेनं चालायचं, खुरावर पाय द्यायचा नाही. दिला तर माग उलटतो, पाय देणाऱ्याच्याच मागं लागतो. उलटलेला माग अडतो तो फक्त चुलीच्या राखेनं. पण मग ज्याच्या मागं तो लागला, त्या माणसालाही राख ओलांडता येत नाही.

एका वर्षी मोह टपटपू लागला आणि रानातली चितळं नाहीशी झाली. ना खूर, ना लेंडी. दसरू रोज हात हलवत परतायचा. बाया टोपल्या घेऊन खोळंबल्या, फुलं झाडाखाली सडू लागली. शेवटी त्याची बायको जैवंता म्हणाली, "अवो, पावसाळ्यात लेकरायले काय घालू? तुमचे खूर रांधू काय?"

ते दसरूला झोंबलं. दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडच्या रानात त्याला एक माग दिसला. सांबराचा, पण एकेका खुरात माणसाची ओंजळ मावावी एवढा. दसरू हरखला, धावला, आणि त्याचा पाय थेट खुरावर पडला.

पुढचा माग तिथंच संपला.

भर दुपार होती. पानगळीचं रान, पण पाचोळा वाजेना. होला घुमेना. दसरूनं मागं वळून पाहिलं. धुळीत त्याची स्वतःची पावलं उमटली होती, आणि प्रत्येक पावलावर एक खूर. जनावर कुठंच नव्हतं. तो चालला की मागं नवा खूर उमटे. तो थांबला की तेही थांबे. आयुष्यभर ज्यानं हरणांचा माग काढला, त्याचा माग आता कुणीतरी काढत होतं. अगदी त्याच्यासारखंच, सावकाश, न चुकता. फक्त पावलावर पाय न देण्याचा नेम त्याला नव्हता.

दसरू धावत सुटला तो नाल्यापर्यंत. अलीकडच्या काठावर जैवंता चुलीची राख टाकायला आली होती. तिनं दसरूला पाहिलं, त्याच्यामागं आपोआप दबत येणारी धूळ पाहिली.

दसरू पलीकडेच थांबला. म्हणाला, "जैवंते, मी आलो तं हेबी घरात येते. राख टाक. मले येऊ नको देऊ."

"लेकरं वाट पाहून रायली जी!"

"म्हणूनच टाक."

तिनं काठाकाठानं राख टाकली. दसरू वळला आणि रानात गेला. दिसेनासा होईपर्यंत त्याची पावलं माणसाची होती, पुढं नुसतेच खूर होते, असं म्हणतात. सकाळी नाल्यावर चितळांचा कळप पाणी पीत होता. त्या वर्षी वाघानं एकाही बाईला शिवलं नाही.

अजून चांदीटोल्यात पहिली फुलं वेचण्याआधी बाया नाल्याच्या काठी राख पसरतात. सकाळी तिच्यात चितळांचे खूर दिसले तरच रानात शिरतात. पहिली ओंजळ दसरूच्या नावानं पलीकडे ठेवतात. वाटेत खूर दिसला तर मोटरसायकलवाला पोरगाही उतरून गाडी कडेनं ढकलत नेतो. आणि राख पसरली त्या दिवशी पलीकडून कुणी कितीही हाक मारली तरी ओ देत नाहीत.

आता कबूल करतो. सांबराचा खूर थोडा मी वाढवला. आणि नाल्यावरचं दसरूचं बोलणं माझ्या पदरचं आहे. जैवंतानं म्हातारपणी माझ्या पणजीला सांगितलं ते वेगळंच. दसरूनं राख टाक म्हटलंच नव्हतं. तो ओरडत होता, "जैवंते, मले घरात घे."

राख तिनं आपल्या मनानं टाकली.