मागे राहिलेली झील

भाविकहो, नाद हेच ब्रह्म! सुस्वर कानी पडला की पाषाणाला पाझर फुटतो, गायी पान्हावतात. शिरंबवाडीत मात्र भजन सुरू झाले की म्हशी आटत.

डोंगरमाथ्यावरच्या त्या गावी भैरू महाराजांचे वास्तव्य होते. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या मठात गाण्याचे वेडे जमत. गळे एकाहून एक बेताचे, पण रीत मोलाची. ध्रुवपदाची झील, म्हणजे मागून द्यायची साथ, सगळ्यांनी धरायची, आणि शेवटच्या माणसाचे म्हणून होईतो पुढचे कडवे घ्यायचे नाही.

शेवटचा माणूस म्हणजे भागीरथी कासारीण. तिचा आवाज चिरका, फुटक्या भांड्यासारखा, आणि बाकीचे थांबल्यावर पोचणारा.

एका श्रावणात श्रीकंठबुवा गायला आले. पंचक्रोशीत नाव, गळा मधाचा. भागीरथीसाठी ते दोनदा थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी टाळ आपटले.

“बाई, ही झील आहे की शेपूट?”

“शेपूट नसलं तर बैलानं माश्या कशानं वाराव्या, बुवा?” महाराज म्हणाले.

मंडळी हसली. भागीरथीने पदर तोंडाला लावला. बुवांना वाटले, बैल म्हणजे आपणच.

“गाढवांच्या बाजारात वीणा घेऊन आलो!” म्हणत त्यांनी छत्री उचलली.

“बुवा, धुकं चढाय लागलंय,” रामा गुरव हात जोडून म्हणाला. “सड्याला कडा हाय. वाईच थांबा.”

“मला वाट कळते!”

माथ्यावरचा तो उघडा कातळ, सडा, अर्धा ओलांडला आणि धुके असे दाटले की हातातली छत्री दिसेना. पायवाट विरली. बुवांना एक करवंदीची जाळी लागली. बऱ्याच वेळाने दुसरी लागली, तर ती पहिलीच होती. गेल्या पावसात याच कड्यावरून एक बैल गेला होता, आणि पडल्याचा आवाजसुद्धा कुणाला आला नव्हता. बुवांना ते नेमके आत्ता आठवले. त्यांनी हाक मारायला तोंड उघडले. पंचक्रोशी गाजवणाऱ्या त्या गळ्यातून नुसती हवा आली.

इतक्यात झील ऐकू आली! मठात मंडळी गात होती. बुवांच्या जिवात जीव आला, आणि लगेच गेला. कारण झील समोरून आली, तशीच पाठीमागूनही आली. एक मठाची, दुसरी दरीने परतवलेली. कुठली खरी? समोरची जास्त गोड होती. बुवा पडले रसिक. गोडव्याकडे निघाले. चौथ्या-पाचव्या पावलाला पायाखाली जमीनच नव्हती.

छत्री गेली. ती आपटल्याचे ऐकू आले नाही.

बुवा कसेबसे मागे कोसळले आणि ओल्या कातळाला नखे रुतवून पडून राहिले. उठवेना, सरकवेना. खालून गार वारा तोंडावर येत होता, आणि दरी गातच होती.

मग गाणे थांबले. आणि पाठीमागून, अगदी कानाशी, एक आवाज उशिराने आला. चिरका, बेसूर, बापुडा. त्याचा पडसाद उठला नाही. दरीलाही काही आवडनिवड असते!

“भागीरथी...” बुवा पुटपुटले आणि वळून रांगू लागले. मंडळींची झील संपली की भीतीने त्यांचे हातपाय थिजत. तेवढ्यात तो आवाज वीतभर पुढून येई, जणू कुणी मागे वळून वळून बघत चालले आहे. अखेर हाताला मठाची पायरी लागली.

आत अजून तेच ध्रुवपद चालले होते.

“अजून... तेच?” बुवांनी धापा टाकत विचारले.

“तुमी मागं ऱ्हायला हुता न्हवं?” रामा म्हणाला. “शेवटचा मानूस आल्याबगार फुडचं कडवं कसं घ्यायचं?”

बुवांना हुंदका फुटला. ते भागीरथीपुढे वाकले. “माय, तुझ्या आवाजानं मला कड्यावरून ओढून आणलं गं!”

तिने पदर बाजूला केला. “माज्या? न्हाई बा. तुमी बोललासा तवापासनं मी तोंडच उघडलं न्हाई.”

साऱ्यांच्या माना महाराजांकडे वळल्या. महाराज बोलू लागले, तो घसा पार बसलेला. आवाज निघाला तो हुबेहूब भागीरथीचा!

“देवा!” म्हणत बुवांनी त्यांच्या पायांवर लोळण घेतली. जयजयकाराने मठ दणाणला.

“बुवा,” महाराज चिरकत म्हणाले, “पाय मग धरा. आधी गुळण्यांना कोमट पाणी आणा. मीठ बेतानं घाला.”