ओहोटीने उघडलेली बाग

समुद्राला अगदी लागून एक जंगल होते. भरती आली की त्यातल्या शेवटच्या झाडांच्या मुळांपर्यंत लाटा पोचत. त्या जंगलात एक ससा राहत असे. समुद्राचा आवाज तो जन्मापासून ऐकत आला होता. पण ओहोटीला पाणी मागे सरले की खाली काय उघडे पडते, हे त्याने कधी पाहिले नव्हते. "तिथे दगडांवर फुलं उमलतात," असे बगळा सांगे. सशाला ते खरे वाटत नसे, आणि डोक्यातून जातही नसे.

खाडीच्या तोंडाशी एक म्हातारे पाणमांजर राही. त्या किनाऱ्यावरचा खडक न् खडक त्याच्या ओळखीचा होता. ससा त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "काका, मला समुद्राचा तळ दाखवाल का?"

"दाखवीन, पण आज नाही," पाणमांजर म्हणाले. "अमावास्येच्या सुमारास पाणी सगळ्यांत लांब जातं. तिला अजून पाच दिवस आहेत. तोवर रोज ओहोटीला त्या उंच कड्यावर बस आणि पाणी परत कुठून येतं, ते बघ."

ससा बसू लागला. पहिले दोन दिवस त्याला नुसत्या लाटाच दिसल्या. तिसऱ्या दिवशी मात्र तो धावतच आला. "काका, पाणी समोरून येतं असं मला वाटायचं. पण आधी ते मागून येतं! किनारा आणि खडक यांच्यामध्ये घळ आहे ना, तिच्यात ते गुपचूप शिरतं. समोरच्या लाटा तेव्हा लांबच असतात."

"हे मी सांगितलं असतं, तर तू मान डोलावून विसरला असतास," पाणमांजर समाधानाने म्हणाले. मग त्याने सशाला ओल्या शेवाळावर पाय कसा रोवायचा ते शिकवले. कोणत्याही बिळात पंजा घालायचा नाही आणि उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, कारण ते कुणाचे तरी छप्पर असते, हेही सांगितले. "आणि मी शीळ घातली की, जे बघत असशील ते सोडून वळायचं."

"तुम्हाला तर पोहता येतं. तरी तुम्ही पाण्याला भिता?"

"पोहता येतं, म्हणूनच त्याचं बळ मला ठाऊक आहे."

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दोघे निघाले, तेव्हा एक कोल्हा आडवा आला. "मीही येणार. बघायला डोळे लागतात. पाच दिवसांची तयारी कशाला?" पाणमांजराने त्याला निरखून पाहिले. "ये. पण शीळ ऐकलीस की वळायचं." कोल्ह्याने हसून मान हलवली.

घळ ओलांडून ते खडकावर उतरले, आणि मुलांनो, ससा जागच्या जागी थबकला. खडकातल्या डबक्यांत आकाश उतरले होते, आणि त्या आकाशात खरोखरच फुले होती! जांभळी, हिरवी, पाकळ्या हलवणारी. एक चिमुकली कोळंबी जवळून गेली, तर एका फुलाने तिला हळूच पाकळ्यांत मिटून घेतले. ती फुले जिवंत होती. एका कपारीत तांबडा तारामासा इतक्या सावकाश चालत होता, की तो चालतो आहे हे कळायलाच वेळ लागला. सशाने आपला श्वासही हळू केला. पलीकडच्या बिळातून एक सोनेरी डोळा त्याच्याकडे पाहत होता. मग एक मऊ, लांब हात बाहेर आला. दुसरा आला.

तेवढ्यात शीळ झाली.

सशाचा पाय निघेना. आणखी एक क्षण, आणि तो प्राणी अख्खा बाहेर आला असता! पण ससा वळला. कोल्हा मात्र तिथेच वाकून राहिला. "पाणी बघा किती लांब आहे! थोडं थांबून येतो."

घळीपाशी पोचेपर्यंत सशाच्या पोटाला पाणी लागले. पाणमांजराने त्याला पाठीने रेटत पलीकडे नेले. ससा कड्यावर चढला आणि ओरडला, "कोल्हेदादा, मागे बघा!"

कोल्ह्याने मागे पाहिले. किनारा आणि तो, यांच्यामध्ये आता पाणी पसरले होते. भेदरून तो सरळ किनाऱ्याकडे धावला, नेमका जिथे घळ सर्वांत खोल होती तिथे. "तिथे नको!" ससा जिवाच्या आकांताने ओरडला. "काळ्या खडकाच्या डावीकडे या! तिथे पाणी शेवटी चढतं, मी कड्यावरून पाहिलंय!" पाणमांजर पाण्यात झेपावले आणि कोल्ह्याच्या पुढे झाले. काळ्या खडकापाशीही पाणी कोल्ह्याच्या गळ्यापर्यंत आले होते. एकदा त्याचे पाय सुटले, नाकातोंडात पाणी गेले. पाणमांजराने खालून पाठ लावली, तेव्हा कुठे तो किनाऱ्याला लागला.

तिघे कड्यावर बसले. बघता बघता डबकी गेली, खडक गेला, घळ गेली. जिथे ससा श्वास रोखून उभा होता तिथे आता हिरवी लाट फुटत होती, आणि तिच्याखाली ती सारी फुले आपापल्या जागी उमललेली होती.

मग ओलाचिंब कोल्हा हळूच म्हणाला, "काका, मला शिकवाल का?"

पाणमांजर म्हणाले, "बस इथे. आधी नुसतं बघ."

तात्पर्य : निसर्गाचे वैभव जवळून पाहायचे असेल, तर आधी त्याचा स्वभाव धीराने जाणून घ्यावा, आणि जाणत्याने परत फिरायला सांगितले, की मन अडकले असले तरी पाऊल वळवावे.