हत्तीण अंगावर आली तेव्हा

"पण भंते, ही भीती जाते तरी कधी?" सुगतने विचारलं.

भंते उपसेन कलिंगडाची फोड हत्तिणीच्या सोंडेपुढे धरून उभे होते. हत्तिणीने फोड उचलली, तोंडात टाकली आणि पलीकडच्या झाडाच्या सावलीत गेली.

सुगत रामटेके नोकरीसाठी थायलंडला आला, त्याला बरीच वर्षं झाली होती. भंते मूळचे विदर्भातल्या पवनीचे, चियांग माईच्या विहारात म्हातारे झालेले. त्या परक्या मुलखात मराठीतून मन मोकळं करायला सुगतला तेवढं एकच ठिकाण होतं. आज भंते डोंगराकडच्या हत्तींच्या आश्रयस्थानात जायला निघाले, तसा तोही सोबत आला. ओंडके ओढून ओढून थकलेल्या हत्तिणींना तिथे सांभाळत. मध्ये कुंपण नव्हतं, नुसती एक दोरी बांधलेली.

सुगतचं लक्ष हत्तींकडे नव्हतंच.

"मी शिबिरं केली, भंते. रोज ध्यानाला बसतो. शालिनी गेली तेव्हाही लोक म्हणाले, हा माणूस किती शांत आहे. पण यशूचा विचार आला की..."

यशू त्याची मुलगी. आई शालिनी वारल्यापासून ती नागपूरला आत्याकडे होती. फोनवर दर वेळी विचारायची, बाबा, मी कधी येऊ? आणि तो दर वेळी म्हणायचा, थोडं थांब.

"तिला आणत का नाहीस?" भंतेंनी विचारलं.

"आणीन ना. आधी मला खंबीर होऊ द्या. तिला ताप चढला तर? आईसाठी रडायला लागली तर? मीच घाबरून गेलो, तर ती कोणाकडे बघेल?"

भंतेंनी हाताला लागलेला कलिंगडाचा रस पुसला.

"बोला ना, भंते."

तेवढ्यात मागे चाऱ्याच्या ट्रकचा फाळका निसटला आणि लोखंड धाडकन आपटलं.

सावलीतली हत्तीण गर्रकन वळली. कान फाकले, सोंड वर गेली. तिचा चीत्कार सुगतच्या छातीत घुमला. दोरी तटकन तुटली आणि ती सरळ त्यांच्यावरच चालून आली. माहूत थाईमध्ये काहीतरी ओरडला.

"हलू नकोस," भंते म्हणाले.

पण सुगत हलला होता. शिबिरातलं एक अक्षर त्याला आठवलं नाही. तो भंतेंच्या मागे दडला, दोन्ही मुठींत त्यांच्या अंगावरचं भगवं चीवर घट्ट आवळलं आणि डोळे मिटून घेतले.

जमीन हादरत होती... मग थांबली.

नाकात धूळ गेली. ओला, गरम श्वास कपाळावर आला. त्याने डोळे किलकिले केले. हत्तीण भंतेंच्या अगदी पुढ्यात उभी होती आणि भंते होते तिथेच होते. माहूत हळूहळू बाजूने आला, तिच्याशी हलक्या आवाजात बोलत राहिला, कानामागे हात ठेवून तिला वळवून घेऊन गेला.

सुगतने मुठी सोडल्या.

सुगतच्या चेहऱ्यावर शरम पसरली. "माफ करा, भंते. तुम्हाला पुढे करून मी मागे लपलो. तुमच्यासारखं निर्भय व्हायला माझा जन्म जाईल."

भंते जवळच्या ओंडक्यावर बसले. त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. बाटली दातांवर कडकड वाजली, पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं.

सुगत बघत राहिला. भंतेंचे हात कापत होते.

"भंते... तुम्ही घाबरलात?"

"खूप."

"मग पळाला का नाहीत?"

भंतेंनी बाटली खाली ठेवली. खांद्यावरून ओढलं गेलेलं वस्त्र सारखं केलं.

"तू चीवर धरलं होतंस ना."