लिंबाजीने हेलिकॉप्टर भरलं

साताऱ्याकडच्या एका गावात लिंबाजी नावाचा भोळा गडी राहत होता. कोणी ‘जरा थांब’ म्हणालं, की दिवस मावळेपर्यंत तो तिथेच उभा.

त्याच गावचे भोइटे सुभेदार दूर बर्फाच्या डोंगरात लष्करी तळावर होते. तिथून वरच्या ठाण्यावर हेलिकॉप्टरने माणसं आणि माल धाडायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी लिंबाजीला हमाल म्हणून नेलं. म्हणाले, “सांगितलेलं ऐकतो.”

खरंच ऐकायचा.

पहिल्या खेपेला त्याने अंड्यांवर बटाट्यांची पोती रचली. ठाण्यावर नुसता पिवळा रस पोचला.

“अरे शहाण्या, नाजूक असेल ते पेंढ्यात गुंडाळावं, दोरीने आवळावं!”

“बरं साहेब.”

दुसऱ्या खेपेला डॉक्टर निघाले. म्हातारे, किडकिडीत. लिंबाजीने त्यांना नीट न्याहाळलं. नाजूकच होते. ठाण्यावर एक गाठोडं उतरलं आणि आतून शिंका यायला लागल्या.

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. “जिवंत जीव आहे ना तो? जिवंत असेल त्याला खिडकीशी बसवावं, पट्टा लावावा, चहा द्यावा!”

“बरं साहेब.”

तिसऱ्या खेपेला ठाण्याच्या मुदपाकखान्यासाठी दोन बोकड जायचे होते. दोघांना खिडक्या मिळाल्या. मग जवान चढले, मग साखरेची पोती. हेलिकॉप्टर जागचं हलेना.

“चहा दिलास का रे बोकडांना?” सुभेदारांनी दात आवळून विचारलं.

“दिला. एकाने कपही खाल्ला.”

“वजन जास्त झालं, लिंब्या, की शेवटी चढलेलं आधी उतरवावं. मोठा-लहान बघू नये. कोणी कितीही ओरडो, ऐकू नये!”

“बरं साहेब.”

पुढे बर्फ वाढलं. खाली रेल्वे स्टेशनापर्यंत आता एकच फेरी व्हायची होती, मग थेट उन्हाळ्यात. खेचरांवरून उतरायला आठवडा लागायचा, आणि सुभेदारांच्या लेकीचं लग्न परवावर आलेलं. आई नसलेली पोर. “आबा, तुम्ही आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही,” असं तिने फोनवर बजावलं होतं.

“लिंब्या, आज तेवढा चुकू नकोस रे बाबा.”

लिंबाजी चुकला नाही. लेकीचा हिरवा चुडा त्याने पेंढ्यात गुंडाळला, दोरीने आवळला. सुभेदारांना खिडकीशी बसवलं, पट्टा लावला, चहा दिला. सुभेदारांचं मन भरून आलं. दोन रात्री झोप नव्हती. तिथेच डोळा लागला.

जाग आली तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं. दारात लिंबाजी ताठ उभा.

“अजून निघालो नाही का रे?”

“आता निघायला हरकत नाही, साहेब. वजन जास्त झालं होतं. शेवटी चढलेल्याला उतरवलं.”

“शाब्बास! कोण चढलं होतं शेवटी?”

“पायलटसाहेब. ‘वजन जास्त झालंय,’ असं त्यांनीच सांगितलं. उतरवताना मात्र फार ओरडले. मी ऐकलं नाही. सकाळच्या खेचरांबरोबर लावून दिलं. पट्टा बांधलाय, चहाही पाजलाय.” लिंबाजी जरा ओशाळला. “खिडकी तेवढी नव्हती, साहेब.”